उजव्या कानापुरती शांतता

टेबल फिरवलेले होते.

हातात डब्याची पिशवी घेऊन ती पोलीस ठाण्याच्या दारातच थबकली. भिंतींना नवा रंग दिला होता आणि त्याचा वास अजून नाकाला झोंबत होता. रंगाऱ्यांनी सगळे सामान खोलीच्या मध्यावर ओढले असणार आणि परत लावताना वडिलांचे टेबल उलटे लावून मोकळे झाले असणार. एरवी वडील कोठडीच्या बोळाकडे तोंड करून बसत. आता बोळ त्यांच्या पाठीशी होता आणि समोर रस्त्याकडचे दार. फोन टेबलाच्या कोपऱ्यावर होता. त्याची तार भिंतीपासून तिथवर जेमतेम पोचत होती, धुण्याच्या दोरीसारखी ताणलेली.

"दारात काय उभी राहिलीस? साक्षीला आलीस का?" वडील म्हणाले.

ती वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला गेली आणि तिथून म्हणाली, "टेबल कधी फिरवलं, बाबा?"

"सोमवारी. रंगवाले असंच टाकून गेले. तार पुरत नाही म्हणून राहिलंय. वायरमन उद्या येतो म्हणतो, पण त्याचा उद्या काही उगवत नाही."

सोमवार. आणि लॉरीवाला गेला गुरुवारी. तिने डबा टेबलावर ठेवला, पण पिशवीच्या बंदातून बोटे लवकर सुटेनात.

गुरुवारची हकीकत एव्हाना सगळ्यांच्या तोंडी झाली होती. चाळिशीतला एक लॉरीवाला. बाजारात गाडी मागे घेताना त्याने एका दुकानाची भिंत पाडली, दुकानदाराने तक्रार केली, म्हणून त्याला आत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुटणारच होता. दुपारी ठाण्यातली सगळी माणसे कुणा बड्या पाहुण्याच्या बंदोबस्ताला गेली होती. मागे दोघेच उरले. टेबलावर ठाणे अंमलदार म्हणून तिचे वडील, आणि कोठडीच्या दारावर पहाऱ्याला एक हवालदार. सव्वातीनच्या सुमाराला लॉरीवाल्याच्या छातीत कळ आली. साडेतीनला कोठडी उघडली तेव्हा सगळे आटोपले होते. दहा मिनिटे आधी आणला असता तर काही करता आले असते, असे डॉक्टर म्हणाले.

ती दहा-पंधरा मिनिटे कुणाच्या माथी मारायची, एवढाच आता प्रश्न होता. हवालदाराचे म्हणणे असे की, मी दारावरून साहेबांना तीन हाका मारल्या, किल्ली मागितली, साहेबांनी मान वळवली नाही. शेवटी पहारा सोडून टेबलापाशी गेलो. साहेब म्हणत, हाक आलीच नाही. आणि साहेबांचे म्हणणे नुसते तोंडी नव्हते, ते डायरीत होते.

ठाण्याच्या डायरीत दर तासाला एक नोंद करायची, ही वडिलांची पद्धत. बाकीचे अंमलदार पाळी संपताना एका बैठकीत दिवसभराच्या नोंदी उरकत, एकाच शाईत, एकाच उतारावर. वडील तसे कधी करत नसत. जे कानांनी ऐकलं तेच लिहायचं आणि जे डोळ्यांनी बघितलं तेच लिहायचं, हे त्यांनी हाताखाली आलेल्या प्रत्येकाला घोटून घोटून शिकवले होते. फौजी साहेबांची डायरी असेल तर उलटतपासणीत वेळ घालवू नये, असे वकील आपसात म्हणत. फौजी हे त्यांचे ठाण्यातले नाव. पोलिसात येण्याआधी ते सैन्यात होते आणि एक लढाई लढले होते. गुरुवारच्या पानावर त्यांच्या उभ्या, स्वच्छ अक्षरात असे होते: 'तीन ते साडेतीन. कंट्रोलचा बंदोबस्ताचा निरोप फोनवर उतरवून घेतला. कोठडीत शांतता. हाक नाही. साडेतीनला गार्डने येऊन सांगितले की कैदी पडला आहे.'

त्यात त्या हवालदाराचे दुर्दैव असे की त्याला सगळे भोंगा म्हणत. परेडच्या मैदानात त्याने एका टोकाला 'सावधान' म्हटले की दुसऱ्या टोकाची कबुतरे उडायची. भोंग्याने हाक मारली आणि पंधरा पावलांवर ती ऐकू गेली नाही, हे शेंबड्या पोरालाही पटले नसते. म्हणजे हाक मारलीच नाही, स्टुलावर डुलकी काढत होता आणि अंगाशी आल्यावर साहेबांवर ढकलतोय. असे सगळ्यांनी ठरवले. समोरच्या चहावाल्याच्या कानावर आवाज गेला असणार. पण भोंगा काय रोजच ओरडतो, आणि पोलिसांच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. भोंग्याला निलंबित केले होते. मंगळवारी ठाण्यातच चौकशी होती. त्यातून त्याच्यावर खटलाही उभा राहील, असे बोलले जात होते.

वडिलांनी डबा उघडला. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि उजव्या कानाला लावला.

नेहमी उजव्याच कानाला. दुसरा कान त्यांना नव्हताच.

ही गोष्ट जगात तीन माणसांना ठाऊक होती. आई गेल्यापासून दोघांना. तेविसाव्या वर्षी सीमेवरच्या खंदकात त्यांच्या शेजारी तोफेचा गोळा पडला. पायात शिरलेला तुकडा लष्करी इस्पितळात काढला, त्याचा कागद झाला. डाव्या कानातून दोन दिवस रक्त येत होते, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. रक्त थांबले आणि कान कायमचा मिटला. त्या खंदकात त्यांचा सोबती त्यांच्या डाव्या अंगाला दोन हातांवर होता. धूर निवळला तेव्हा तो गेलेला होता. वडिलांनी लढाईबद्दल लेकीला आयुष्यात एकदाच काही सांगितले, आई गेली त्या आठवड्यात, आणि तेही एवढेच, "त्याचं तोंड उघडं होतं. हाक मारत होता का नुसतंच उघडं राहिलं होतं, ते मला कधी कळलं नाही." लढाईचे पदक आईच्या बटणांच्या डब्यात पडून असे.

सैन्यातून सुटल्यावर ते पोलिसभरतीला उभे राहिले. तपासणीचा डॉक्टर पाठीमागे उभा राहून हळू आवाजात आकडे म्हणत होता. उजवा कान बंद करा, असे त्याने सांगितले तेव्हा वडिलांनी उजव्या कानावर तळहात ठेवला, पण बोटभर फट ठेवून. सत्तावीस, म्हणाला डॉक्टर. सत्तावीस, म्हणाले वडील. आयुष्यात ते खोटे बोलले ते एवढेच, आणि तेही तोंडाने नाही, हाताने.

मग सगळे घर त्या फटीभोवती उभे राहिले. आई रस्त्याने कायम त्यांच्या उजवीकडून चालली. जेवायच्या टेबलाची डावी बाजू भिंतीला लावलेली. लेकीला अक्षरओळख व्हायच्या आधी हे शिकवले गेले की बाबांशी बोलायचं ते या अंगाने, आणि हे बाहेर बोलायचं नाही. ते स्वतः तीस वर्षे डाव्या कुशीवर झोपले, चालता कान वर ठेवून, कारण पोलिसाला केव्हाही हाक येते. फोनवर असताना मात्र तो एकुलता कानही झाकला जाई. तेव्हा ते कोठडीच्या दारावर नजर रोवून बसत आणि डोळ्यांनी ऐकत. गार्डचा हात हलला, ओठ हलले की उठलेच. त्यामुळे इतक्या वर्षांत कुणाला संशय आला नाही. उलट फौजी साहेबांचं लक्ष चौफेर असतं, अशी ख्याती झाली.

सोमवारी रंगाऱ्यांनी ती डोळ्यांची खिडकी बंद केली होती, आणि ते कुणालाच माहीत नव्हते.

वडील फोनवर कुणाचे तरी नाव उतरवून घेत होते. ती त्यांच्या मागे दोन पावले सरकली आणि बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. रिकामी कोठडी. गजांशी स्टूल. त्यांची मान, तिच्यावरचे बारीक कापलेले पांढरे केस. इथे काही बोलून बघायची तिला भीती वाटली.

इतकी बारीक नजर असलेल्या माणसाच्या हे लक्षात कसे आले नाही, याचे तिला नवल वाटायला हवे होते. पण वाटले नाही. मेलेल्या कानाला ऐकू न येणे आणि आवाजच नसणे यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्हीकडे सारखीच शांतता.

बाहेर पडताना बाकावरच्या बाईने तिला थांबवले. लॉरीवाल्याची ती थोरली बहीण. तिसरा दिवस ती त्या बाकावर बसून होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत भावाचे कपडे.

"तुम्ही साहेबांची मुलगी ना? मला काही भरपाई-बिरपाई नको," ती म्हणाली. "त्यानं हाक मारली का, तेवढं विचारून सांगा. मारली आणि कुणी आलं नाही, असं असलं तरी सांगा. आतले सगळे म्हणतात, हाक नाही, शांत होता. अहो, काटा टोचला तरी गल्ली गोळा करणारं पोर ते. मरताना गप्प बसेल का?"

विचारते, असे म्हणून ती निघाली. चार पावलांवर गेल्यावर तिच्या ध्यानात आले, आपण बाईंच्याही उजव्या बाजूला उभे राहून बोललो.

ती वाचनालयात नोकरीला होती. त्या दिवशी संध्याकाळी भोंगा तिथे आला. वर्दीशिवाय तो तिने प्रथमच पाहिला. शर्टात माणूस निम्मा वाटत होता. खोलीत दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचत होते, म्हणून तो हळू बोलला, आणि त्याला हळू बोलता येते हेही तिला प्रथमच कळले. तो काही मागायला आला नव्हता. साहेबांना सांगा असेही म्हणाला नाही. बारा वर्षांपूर्वी आपण पहारा सोडून पाणी प्यायला गेलो होतो आणि कैदी पळता पळता राहिला, तेव्हा साहेबांनी दिवसभर उन्हात उभे केले, ते त्याने सांगितले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

"तेव्हाच म्हणाले होते, आग लागली तरी दार सोडायचं नाही. हाक मार, मी येईन. बारा वर्षं मी दार सोडलं नाही, ताई. त्या दिवशी तो आत साहेब, साहेब करत होता, आणि मी बाहेर साहेब, साहेब करत होतो. साहेब लिहीत बसले. मला वाटलं, ऐकलंय, पण कैदी नाटक करतोय म्हणून सोडून दिलंय. मग चौथी हाक न मारता दार सोडून गेलो. आधीच सोडायला पाहिजे होतं. निलंबनाचं काही नाही. ज्या माणसाला मानलं, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि वर डायरीत हाक नाही लिहिलं. त्याचं काय करायचं सांगा."

तेव्हाच ती बोलली असती तर एका वाक्याचे काम होते. तिने समोरच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. मग त्याच ठिकाणी पुन्हा एकदा मारला.

"बरं, येतो," भोंगा म्हणाला.

रविवारी चौकशीचा अधिकारी घरी आला. एकेकाळी तो वडिलांच्या हाताखाली शिकला होता, आता दोन पायऱ्या वर होता, तरी फौजी साहेब असेच म्हणे. चहा झाला. त्याने टाइप केलेला जबाब बरोबर आणला होता: हाक आली नाही, गार्ड निष्काळजी होता, खाली सहीची जागा. तुमचे सात महिने राहिलेत, मानाने घरी जायचे, हे त्याने हसत सांगितले. आणि उठता उठता, बुटांचे बंद बांधत, मान खाली घालूनच आणखी एक गोष्ट सांगितली. ही डायरी खोटी ठरली तर तुमच्या हातची तीस वर्षांतली प्रत्येक डायरी लोक उकरून काढतील. तुमच्या शब्दावर किती माणसे आत गेली, ते तुम्हालाच ठाऊक. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अधिकारी वडिलांच्या डाव्या बाजूला बसला होता. वडील मान तिरकी करून एकेक शब्द टिपत होते. अधिकाऱ्याला ते विचार करताहेत असे वाटले असेल.

जबाबाचा कागद सोमवारी संध्याकाळपर्यंत घरातल्या फोनखाली तसाच होता. सही नव्हती.

"शनिवारी टेबलाचं का विचारलंस?" जेवायच्या आधी वडील म्हणाले.

"असंच."

"तू असंच काही विचारत नाहीस. तुझी आईही नव्हती विचारत."

वडील उठले, खुर्ची ओढून फोनपाशी ठेवली आणि घराकडे पाठ करून बसले. एक कागद घेतला, पेन्सिल घेतली. फोनवर वेळ सांगणारा एक नंबर असे, बाई न थांबता तास-मिनिटे सांगत राही. तो नंबर ते फिरवू लागले.

"मागच्या दारापाशी जा. तिथपर्यंत पंधरा पावलं भरतात, मी मोजलीत. मी हे ऐकून लिहीत बसतो. तुला वाटलं तर हाक मार, वाटलं तर मारू नकोस. खाली ठेवल्यावर मी विचारीन, तेव्हा खरं सांग."

ती मागच्या दारापाशी गेली. वडिलांनी रिसीव्हर कानाला लावला. पेन्सिल चालू झाली.

"बाबा," ती म्हणाली, जेवायला बोलावतो तसे.

पेन्सिल चालत होती.

दुसरी हाक तिने मोठ्याने मारली. तिसरी कशी निघाली ते तिलाच कळले नाही. पोटातून आली, आणि शेवटी फाटली. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून विचारले, काय गं, काय झालं? काही नाही काकू, झुरळ होतं, असे तिने सांगितले. काकू म्हणाल्या, अगं, झुरळाला एवढं? पंधरा पावलांवर तिचे वडील मान खाली घालून लिहीत होते. काकूंची खिडकी लागली तीही त्यांना कळली नाही.

त्यांनी रिसीव्हर ठेवला. खुर्ची वळवली. नजर मात्र जमिनीवरच ठेवली. चेहऱ्यावरून ताडायची त्यांची सवय होती, तिचा चेहरा तर त्यांना पाठ होता. म्हणून ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांना ऐकायचे होते.

"मारलीस?"

नाही, एवढे म्हटले की झाले असते. सात महिने सरले असते. भोंग्याला कुठेतरी रखवालदाराची नोकरी मिळाली असती. बाकावरची बाई कधीतरी दमून घरी गेली असती. आणि वडिलांनी विश्वास ठेवला असता, कारण घरातल्या कुणी त्यांना आजवर खोटे सांगितले नव्हते. सगळे मिळून बाहेर खोटे वागले होते, तेवढेच.

"मारली."

"किती?"

"तीन."

त्यांनी कागदावर तास-मिनिटांच्या रांगेखाली लिहिले, 'हाका तीन'. पेन्सिल खाली ठेवली. मग ते म्हणाले, "मीच त्याला सांगितलं होतं. हाक मार, मी येईन." आणि थोड्या वेळाने, जवळजवळ नेहमीच्या आवाजात, "वाढ. गार होतंय."

मंगळवारचे तिला भोंग्याकडून कळले, कारण त्यालाही आत बोलावले होते. वडील आत आले, सलाम केला आणि बसायच्या आधी खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली, अधिकारी आपल्या डाव्या हाताला येईल अशी. मग उजव्या कानावर तळहात ठेवून बसले. या वेळी फट नव्हती. अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला. वडील समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्याने पुन्हा विचारला, मग चिडून तिसऱ्यांदा. खोलीतला कारकून हसला आणि मग हसायचा थांबला. तेव्हा वडिलांनी हात खाली घेतला.

"काही विचारलंत का, साहेब? या कानानं मला ऐकू येत नाही. नोकरीला लागलो तेव्हापासून, त्याच्याही आधीपासून. फोन दुसऱ्या कानाला होता. गार्ड खरं बोलतोय."

मग त्यांनी डायरी मागितली. जुनी नोंद पूर्ण खोडायची नाही, वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी सही करायची, हा त्यांचाच नियम. 'हाक नाही' यावर त्यांनी रेघ मारली आणि वर लिहिले, 'हाक ऐकली नाही'. सही केली, तारीख टाकली. अधिकारी म्हणे एवढेच म्हणाला की फौजी साहेब, काय केलंत हे.

बाहेर येऊन ते बाकापाशी थांबले. टोपी काखेत धरली. "बाई, तुमच्या भावानं हाक मारली होती. साहेब, साहेब म्हणत होता. गार्डनं ती माझ्यापर्यंत पोचवली. मी ऐकली नाही. माझा कान गेलेला आहे, ते मी लपवलं होतं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. शिव्या देईल, असे भोंग्याला वाटले.

"म्हणजे गप्प नव्हता तो," ती म्हणाली.

"नव्हता."

तिने पिशवी उचलली आणि ती गेली.

पुढे अधिकारी म्हणाला होता तसेच झाले. वडिलांना बडतर्फ केले. वर्दी, पट्टा, शिटी मोजून परत घेतली. जुन्या डायऱ्या निघाल्या, वकिलांनी त्या झटकून झटकून बघितल्या, आणि त्यांच्या नोंदीवर आत गेलेले दोघे सुटले. त्यातला एक खरोखर गुन्हेगार होता; तो काही दिवस घरासमोरच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहायचा, सिगारेट ओढायचा, जायचा. फौजी हे नाव गेले. मागून लोक बहिरा म्हणू लागले, तेही डाव्या बाजूने जाताना, मोठ्याने. भोंगा कामावर परत घेतला गेला. दर महिन्याला तो घरी येई, वळसा घालून वडिलांच्या उजव्या हाताला बसे.

नोकरी गेली तरी हाताची सवय गेली नाही. वडिलांनी एक वही आणली आणि ते दर तासाला नोंद करू लागले. दूधवाला आला. पोस्टमन आला नाही. लेक कामावर गेली. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी, चार वर्षे, न चुकता: 'घरात शांतता. उजव्या कानापुरती.' एक दिवस तिने वाचले आणि हसून म्हणाली, एवढं काटेकोर कुणासाठी, बाबा? ते म्हणाले, ज्यानं ऐकलं नाही त्यानं एवढं तरी लिहावं.

आणखी एक फरक पडला. ते उजव्या कुशीवर झोपू लागले, चालता कान उशीत दाबून. आता कुणाची हाक यायची राहिली नाही, म्हणाले. तशी गाढ झोप त्यांना तीस वर्षांत लागली नव्हती. ते तसे झोपलेले असले की हाक मारायची नाही, पायाला हात लावून उठवायचे, असे घरात ठरून गेले.

त्या दिवशी सकाळी सातला तिने चहाला हाक मारली. उत्तर आले नाही. डोकावून बघितले तर ते उजव्या कुशीवर होते, पांघरूण खांद्यापर्यंत. झोपू दे, असे तिला वाटले. साडेसातला पुन्हा हाक मारली, सवयीने, आणि मग स्वतःशीच हसली. आठला तिने त्यांच्या पायाला हात लावला.

पहाटे गेले की सात-आठच्या मध्ये, ते डॉक्टरांना नक्की सांगता येईना. भोंगा धावत आला, दारात थांबला, आणि मग सवयीने वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. शेवटी काही म्हणाले का, ताई, असे त्याने विचारले. आवाज इतका खाली होता की तिला ते पुन्हा विचारायला लावावे लागले.

चार दिवसांनी, दुपारी, येणारे-जाणारे थांबल्यावर, तिने वही उघडली. शेवटची नोंद आदल्या रात्री दहाची होती, शांततेची, उजव्या कानापुरती. तिने त्यांची पेन्सिल घेतली आणि खाली लिहिले: 'सकाळी सात ते आठ. दोन हाका मारल्या. उत्तर नाही. त्यांची हाक आली नाही.'

मग ते शेवटचे वाक्य तिने पुन्हा वाचले. 'आली नाही' यावर एकच रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी, आणि वर लिहिले, 'ऐकली नाही'. शेजारी सही केली.